साइज काय देऊ?

सुट्या भागांच्या दुकानात ‘पद्मिनीचा मेन बेरिंगचा सेट द्या’ म्हटलं, की काउंटरपलीकडून एकच प्रश्न येतो: ‘साइज काय देऊ?’ मागायला आलेला मुलगा बहुतेक वेळा गॅरेजमधला सगळ्यात लहान असतो. उस्तादांनी त्याला ‘वीसचा आण’ एवढंच सांगून पिटाळलेलं असतं. तो ‘वीस’ म्हणतो, दुकानदार खोकं पुढे सरकवतो, पैसे मोजून मुलगा सायकलवर टांग मारतो. इंजिनच्या पुढच्या लाखभर किलोमीटरचा निर्णय असा अर्ध्या मिनिटात झालेला असतो, आणि तो नेमका कुणी घेतला हे विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही. हातातलं हे पुस्तक दुकानदाराच्या त्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर आहे.

वीस म्हणजे वीस थाऊ. थाऊ हा इंचाचा हजारावा भाग, म्हणजे ०.०२५४ मिलिमीटर. क्रँक झिजली, ग्राइंडिंगला टाकली, मूळ मापापेक्षा वीस थाऊनं बारीक करून घेतली. आता तिच्याभोवती बसणारं बेरिंग त्या हिशेबानं जाड हवं. क्रँक कोरी असेल तर स्टँडर्ड, मग दहा, वीस, तीस, चाळीस अशा पायऱ्या बाजारात मिळतात. मेट्रिक इंजिनांसाठी त्याच पायऱ्या ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर. खोक्यावर ‘अंडरसाइज’ छापलेलं असतं आणि नवा मुलगा तिथंच अडखळतो, कारण अंडरसाइज बेरिंग बोटांत धरलं तर स्टँडर्डपेक्षा जाड लागतं. बारीक झाली ती क्रँक. बेरिंगचं बारसं तिच्या मापावरून झालं. शिवाय क्रँक व्यासानं वीस थाऊ उतरली तरी बेरिंगचा एकेक अर्धा भाग, म्हणजे शेल, दहाच थाऊ जाड होतो, कारण एक शेल वर असतो आणि एक खाली. पायऱ्यांचं गणित एवढंच. माझं दुखणं त्याच्या पुढचं आहे. पायरी कळली म्हणजे माप कळलं, असं समजून आपण थांबतो.

मीही तसाच थांबलो होतो. मुंबईत उमेदवारी करत असताना पहिलं पूर्ण इंजिन माझ्या हाती आलं ते एका काळ्या-पिवळ्या पद्मिनीचं. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेली ही गाडी म्हणजे मूळची फियाट ११००. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, चार सिलिंडर मिळून १,०८९ सीसी, आणि एवढी क्रँक पेलायला अवघी तीन मेन बेरिंगं. क्रँक वीसमध्ये घासून आली, मी वीसचा सेट आणला, टॉर्क रेंचनं बोल्ट आवळले आणि हातानं क्रँक फिरवून पाहिली. लोण्यासारखी फिरली. मला ते चांगलं लक्षण वाटलं. गाडी सुरू झाली तेव्हा टॅक्सीमालकानं पेढे वाटले. तिसऱ्या आठवड्यात ती परत आली ती खालून ठोकत, आणि इंजिन तापलं की आयडलला ऑइलचा दिवा मिचमिचत. संप उघडला. तिसऱ्या रॉडच्या बेरिंगवरचा राखाडी थर उडून खालचा तांबूस धातू दिसत होता. जर्नलला, म्हणजे क्रँकच्या बेरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाला, मायक्रोमीटर लावला, तर वीसच्या मापापेक्षा ते आणखी अडीच थाऊ खाली भरलं. घासून आलेली क्रँक बसवण्याआधी मोजायची, हे काम माझं होतं आणि मी ते केलं नव्हतं. उस्ताद ओरडले नाहीत. तो शेल माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, ‘तू बेरिंग नाही बसवलंस रे, खोकं बसवलंस.’ टॅक्सीमालकाचे आठ दिवस बुडाले. त्या आठ दिवसांत त्याच्या घरी चूल कशी पेटली असेल, हा विचार आजही मनात येतो. त्यानंतर मी मापं वहीत लिहायला लागलो, आणि त्याच वह्यांतून हे पुस्तक उभं राहिलं.

मोजायची असते ती क्रँक आणि बेरिंग यांच्यामधली फट. गॅरेजमध्ये तिला क्लिअरन्स म्हणतात. साधारण हिशेब असा, की जर्नलच्या प्रत्येक इंच व्यासाला पाऊण ते एक थाऊ. म्हणजे ५० मिलिमीटरच्या जर्नलला ०.०४ ते ०.०५ मिलिमीटरच्या आसपास. डोक्याचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. एका केसाहूनही कमी जागेत मिनिटाला पाच हजार फेरे घेणारी क्रँक धातूला न शिवता फिरायची असते. इंजिन बनवणाऱ्याचं मॅन्युअल हाताशी असेल तर त्यातला आकडा अखेरचा. वरचा हिशेब मॅन्युअल हरवलेल्या जुन्या इंजिनांसाठी.

त्या फटीत काय चालतं, हे पहिल्यांदा नीट कळलं त्याची हकिगत मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो. १८८० च्या दशकात ब्यूशॅम्प टॉवर नावाचा इंग्रज इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या बेरिंगांवर प्रयोग करत होता. चार इंच व्यासाचा आस खालून तेलात बुडलेला, वर पितळी बेरिंग आणि त्यावर वजन. तेल घालण्यासाठी त्यानं बेरिंगला वरून भोक पाडलं, तर आस फिरताच त्या भोकातून तेल उलट वर यायला लागलं. त्यानं बूच ठोकलं, बूच उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही वर सरकली. शेवटी त्यानं तिथं प्रेशर गेज लावला आणि काटा चौरस इंचाला दोनशे पौंडांच्या वर गेला. बेरिंगवरचं सरासरी वजन त्याच्या निम्म्यावर होतं. बाहेरून कुठलाही पंप जोडलेला नसताना फिरणाऱ्या आसानं स्वतःच तेल ओढून घेतलं होतं, चिंचोळ्या जागेत दाबलं होतं आणि त्या दाबावर अख्खं वजन उचलून धरलं होतं. मँचेस्टरच्या ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये त्याचं गणित मांडलं. आज जगात कुठलंही इंजिन बेरिंग आखताना तेच समीकरण सोडवलं जातं.

पावसाळ्यात हायवेवर साचलेल्या पाण्यावरून गाडी जोरात गेली की टायरखाली पाण्याची पाचर शिरते आणि चाक रस्ता सोडून तरंगतं, हे आपण अनुभवलेलं असतं. तिथं ते जीवघेणं असतं. क्रँकच्या बाबतीत इंजिनचा जीव त्यावरच टिकून असतो. ऑइल पंप तेल जर्नलपर्यंत पोचवतो, उचलण्याचं काम जर्नल स्वतः फिरून करतं. पंपाचा दाब तीन-चार किलो, तर सिलिंडरमध्ये स्फोट होतो त्या क्षणी रॉडच्या बेरिंगमधला दाब त्याच्या शेकडो पट. तेलाचा थर तेव्हा सर्वांत पातळ जागी एखाद-दोन मायक्रॉनच उरतो. म्हणून बेरिंगची साइज निवडताना मी मुलांना डोळ्यांपुढे धातू आणू नका म्हणतो, तेल आणा म्हणतो. त्या तेलाला किती जागा लागेल ते आधी ठरवायचं आणि त्यावरून शेलची जाडी काढायची.

जागा कमी पडली तर काय होतं, हे सगळ्यांना माहीत आहे: तेल पुरेसं वाहत नाही, उष्णता नेली जात नाही, आणि इंजिन जाम होतं. जागा जास्त झाली तर काय, याबद्दल मात्र गॅरेजमध्ये गैरसमज फार. ‘थोडं लूज बरं, रनिंगमध्ये बसेल’ असं मी कित्येकदा ऐकलं आहे. बेरिंगच्या कडेनं गळणारं तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. फट दुप्पट झाली तर गळती आठपट. एका बेरिंगमधून तेल असं धो-धो गळायला लागलं की पंप तोकडा पडतो, आणि मार खातं ते तेलाच्या वाटेवरचं शेवटचं, कदाचित अगदी नीट बसवलेलं बेरिंग. माझ्या त्या पद्मिनीत जर्नल अडीच थाऊ जास्त उतरलं होतं. फट दुपटीहून मोठी झाली होती. ऑइलचा दिवा का मिचमिचत होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. आधी मी पंपाला दोष देत बसलो होतो.

आपल्याकडच्या काही सवयी वाईट मानल्या जातात, पण त्या आल्या कुठून हे समजून घ्यायला हवं. बेरिंगचं खालचं अर्धं घर, म्हणजे कॅप, कानशीनं घासणं, शेलच्या पाठीमागे सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद घालणं, हे प्रकार मी चांगल्या, कसबी माणसांना करताना पाहिले आहेत. त्यांच्या आधीच्या पिढीनं ते शिकवलं होतं आणि त्या पिढीचं बरोबर होतं. १८३९ मध्ये अमेरिकेत आयझॅक बॅबिट यांनी कथील, अँटिमनी आणि तांबं यांचा मऊ मिश्रधातू बेरिंगसाठी आणला. नंतर कितीतरी दशकं इंजिनांत हाच धातू वितळवून थेट ब्लॉकमध्ये आणि रॉडमध्ये ओतत, फोर्डच्या मॉडेल टीमध्येसुद्धा. ओतलेलं बेरिंग मग हातानं खरवडून क्रँकशी जुळवत. कॅपखाली पातळ पत्र्याच्या पट्ट्या ठेवत. धातू झिजला की एक पट्टी काढायची, कॅप खाली येई, फट पुन्हा नीट होई. पट्ट्या संपल्या की कॅप घासायची. त्या काळात हा सगळा शहाणपणाचा कारभार होता, आणि तो करायला हाताला डोळे असावे लागत.

मग पातळ शेलचा जमाना आला. पोलादी पट्टीवर मऊ धातूचा थर चढवून, ती वाकवून, ठरलेल्या जाडीचे अर्धगोल शेल कारखान्यात बनायला लागले. अमेरिकेत रुजलेलं हे तंत्र टोनी वँडरवेल यांनी परवाना घेऊन इंग्लंडला नेलं. त्या धंद्यावर त्यांनी पुढे स्वतःचा रेसिंगचा संघ उभा केला. त्यांच्या आधीच्या फेरारी गाडीचं नावच ‘थिन वॉल स्पेशल’, म्हणजे पातळ शेलची जाहिरात. आणि नंतरच्या व्हॅनवॉल गाड्यांनी १९५८ मध्ये फॉर्म्युला वनची बांधणीकारांसाठीची पहिलीवहिली स्पर्धा जिंकली. बेरिंगच्या खोक्याला एवढा मोठा इतिहास आहे, हे सांगताना मला खरोखर आनंद होतो.

पातळ शेलला स्वतःचा आकार नसतो. तो ब्लॉक आणि कॅप यांच्या भोकाचा आकार घेतो. त्याची टोकं कॅपच्या कडेपेक्षा केसभर वर ठेवलेली असतात, म्हणजे बोल्ट आवळल्यावर शेल दाबला जाऊन भोकाला घट्ट चिकटतो. कॅप घासली तर ते भोक गोल राहत नाही. पाठीमागे कागद घातला तर शेलची उष्णता ब्लॉकमध्ये जायची वाट बंद होते आणि शेल वाकडा बसतो. जी युक्ती ओतीव धातूला तारत होती ती पातळ शेलला मारते. हात तेच राहिले, वस्तू बदलली, आणि ती बदलली हे कुणी मराठीत नीट बसून सांगितलं नाही, याची मला खंत आहे. पुण्यात भारत फोर्ज क्रँकशाफ्ट घडवतं, कोल्हापूरच्या उद्यमनगरानं पिढ्यान्‌पिढ्या ऑइल इंजिनं बांधली. जिथं हे काम मराठीत बोलत चालतं, तिथं त्याचं गणितही मराठीत असायला हवं.

ते गणित म्हणजे वजाबाकी. समजा, बेरिंग नसताना, कॅप पूर्ण टॉर्कला आवळून भोक मोजलं आणि ते ५४.०१० मिलिमीटर भरलं. जर्नल ५०.०००. दोन्हींतला फरक ४.०१०. आपल्याला फट हवी ०.०४०. तेव्हा दोन शेलना उरले ३.९७०, प्रत्येकी १.९८५. आता क्रँक ०.२५ नं घासली, जर्नल ४९.७५० झालं, फरक ४.२६०, फट तीच, म्हणून शेल प्रत्येकी २.११०. खोक्यावरचं ०.२५ इथं भेटतं. पण घासणाऱ्यानं जर्नल ४९.७६५ वर सोडलं तर फट उरते ०.०२५, आणि ४९.७३० पर्यंत नेलं तर होते ०.०६०. तिन्ही क्रँकांवर पाटी एकच, ‘दहा’. एक दीर्घकाळ चालेल, दुसरी तापली की आवळेल, तिसरी ठोकेल.

त्यात आणखी एक खोच आहे. दहा थाऊ म्हणजे ०.२५४ मिलिमीटर, आणि मेट्रिक सेट ०.२५ चा. फरक चार मायक्रॉन, सोडून देण्याजोगा. तीसला तो बारा मायक्रॉन होतो. चाळीसला म्हणजे १.०१६ विरुद्ध १.००, सोळा मायक्रॉन. इंचाच्या सवयीच्या माणसानं चाळीस थाऊ घासायचे आणि आपण १ मिलिमीटरचा सेट लावायचा, की चाळीस मायक्रॉनची फट कुणाची चूक नसताना छप्पन्न होते. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

म्हणून या पुस्तकात मी कामाचा क्रम उलटा सांगितला आहे, आणि माझ्या मते पुस्तकातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच आहे. क्रँक घासून आणून मग सेट आणायचा नाही. आधी क्रँक मोजायची, सगळ्यात खराब जर्नलवरून पायरी ठरवायची, सेट आणायचा, तो आपल्याच ब्लॉकमध्ये बसवून, कॅपा आवळून आतला व्यास बोअर डायलनं मोजायचा, त्यातून हवी ती फट वजा करायची आणि येणारा आकडा कागदावर लिहून ग्राइंडिंगवाल्याला द्यायचा. ‘दहा मारा’ असं सांगायचं नाही, ‘४९.७५० करा, वर-खाली पाच मायक्रॉन’ असं सांगायचं. चांगल्या ग्राइंडरला असं गिऱ्हाईक आवडतं. त्याच्या मशीनवर तेवढं माप धरण्याची ताकद असते. त्याला आकडा कुणी सांगितलेला नसतो. मेनची पायरी आणि रॉडची पायरी वेगळी असू शकते, मेनला दहा आणि रॉडला वीस यात काही वावगं नाही. पण सगळे मेन एका पायरीवर आणि सगळे रॉड एका पायरीवर हवेत.

मोजण्याबद्दल मी लांबण लावली आहे, वाचकानं ती सोसावी. एका जर्नलला चार मापं: दोन टोकांना, आणि प्रत्येक टोकाला काटकोनात दोनदा. पद्मिनीला तीन मेन आणि चार रॉड, म्हणजे अठ्ठावीस आकडे. काटकोनातले आकडे जुळले नाहीत तर जर्नल ओव्हल, टोकांचे जुळले नाहीत तर टेपर. रॉडचं जर्नल एकाच बाजूनं जास्त मार खातं, म्हणून तेच आधी ओव्हल होतं. ओव्हल जर्नलला साइज नसते, हे लक्षात ठेवावं. कुठलाही शेल लावला तरी तो एका दिशेला बरोबर आणि दुसऱ्या दिशेला चूक ठरतो. झिजलेल्या क्रँकवर मिळतंजुळतं जाड बेरिंग शोधत फिरणाऱ्यांना मी हेच सांगतो, की घासल्यावाचून उपाय नाही. शेलची जाडी मोजताना एका टोकाला गोळी असलेला मायक्रोमीटर घ्यावा, कारण सपाट टोक आतल्या गोलाईवर टेकत नाही. आणि मोजावं ते शेलच्या मध्यावर. दोन शेल जिथं मिळतात त्या कडेला ते मुद्दामच काही मायक्रॉन पातळ केलेले असतात. ही गोष्ट ठाऊक नसल्यानं चांगला सेट दुकानात परत गेलेला मी पाहिला आहे.

उन्हाचंही तसंच. मापं जगभर २० अंश सेल्सिअसला धरतात. वैशाखात नागपूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये पारा ४५ ला टेकतो. पोलादाचं ५० मिलिमीटरचं जर्नल पंचवीस अंशांनी तापलं की सुमारे चौदा मायक्रॉन फुगतं. मायक्रोमीटरही त्याच शेडमध्ये तेवढाच तापलेला असेल तर चूक जवळजवळ फिटते. पण क्रँक उन्हातल्या टेम्पोतून नुकतीच उतरवलेली आणि मायक्रोमीटर पंख्याखालच्या कपाटातला, असं असेल तर आकडा फसवतो. क्रँक, ब्लॉक आणि मापयंत्रं रात्रभर एका जागी ठेवावीत आणि पहाटे मोजावं. अॅल्युमिनियमच्या ब्लॉकचं प्रकरण पुस्तकात वेगळं आहे, कारण तो धातू पोलादाच्या दुप्पट फुगतो आणि गार असताना नीट दिसणारी फट इंजिन तापल्यावर वाढते.

ज्यांच्याकडे बोअर डायल नाही त्यांच्यासाठी प्लॅस्टिगेज आहे. मेणासारखी बारीक तार, कोरड्या जर्नलवर आडवी ठेवायची, कॅप पूर्ण टॉर्कला आवळायची, क्रँक अजिबात न हलवता कॅप काढायची आणि चपटी झालेली तार पाकिटावरच्या पट्टीशी ताडून पाहायची. हिरव्या तारेत एक ते तीन थाऊपर्यंतची फट कळते, म्हणजे आपल्या बहुतेक कारना तीच पुरते. मी दोन्ही करतो. आधी आकड्यांनी ठरवतो आणि शेवटी तारेनं खात्री करून घेतो. ज्या दिवशी दोन्हींत फरक आला त्या दिवशी दर वेळी चूक माझ्या आकड्यांत निघाली आहे, एखादी कॅप उलटी बसली होती किंवा भोकाच्या कडेला कचरा होता.

ग्राइंडिंगबद्दल थोडंच, कारण त्यावर दोन प्रकरणं आहेत. जर्नल जिथं क्रँकच्या बाजूला मिळतं त्या कोपऱ्यात गोलाई असते. ती घासताना जपली नाही आणि कोपरा धारदार झाला तर क्रँक तिथूनच तुटते. उलट गोलाई फुगली तर शेलची कड तिच्यावर चढते. काही क्रँकांचा कडकपणा वरच्या पातळ नायट्राइड थरापुरताच असतो, तो घासला की खालचा मऊ धातू उघडा पडतो आणि पुन्हा प्रक्रिया करावी लागते. हे विचारल्याशिवाय चाकाखाली क्रँक घालू नये. चाळीसच्या पुढे वेल्डिंगनं भरून पुन्हा घासण्याचा मार्ग आहे; वापरात असलेल्या कारसाठी मी तो कधीच निवडला नाही.

नव्या गाड्यांनी हा सगळा खेळ अधिक बारीक केला आहे. सुझुकीच्या अनेक इंजिनांत, म्हणजे आपल्या कितीतरी मारुतींत, क्रँकच्या बाजूवर प्रत्येक मेन जर्नलचा आकडा ठोकलेला असतो, ब्लॉकच्या खालच्या कडेला भोकाचं अक्षर असतं, आणि शेलच्या कडेला रंगाचा ठिपका. तिन्ही स्टँडर्डच, पण स्टँडर्डच्या आत काही मायक्रॉनांच्या उपपायऱ्या. आकडा आणि अक्षर तक्त्यात जुळवलं की रंग मिळतो. पाच मेनपैकी तिघांना एक रंग आणि दोघांना दुसरा असंही होतं. इथं ‘स्टँडर्डचा सेट द्या’ हे उत्तरही अपुरं पडतं. अशा इंजिनांत हल्ली फार पातळ ऑइल वापरतात आणि फटही त्या मानानं अरुंद असते. पद्मिनीच्या सवयीनं तिथं दोन-अडीच थाऊ सोडले तर ते ऑइल थर धरणारच नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी निघून गेली. तरी या पुस्तकातली पहिली आठ प्रकरणं मी तिच्या इंजिनवरच बेतली आहेत. तीन मेन, चार रॉड, साधा ओतीव लोखंडी ब्लॉक. शिकणाऱ्याला सगळं उघडं दिसतं, आणि हौसेनं जपलेल्या पद्मिनी अजून दुरुस्तीला येतातच. नवव्यापासून मारुतीची आणि डिझेलची इंजिनं येतात. थ्रस्ट वॉशर आणि क्रँकची मागे-पुढे होणारी हालचाल यांना शेवटचं प्रकरण दिलं आहे, कारण क्लच दाबल्यावर क्रँकवर येणारा रेटा तेच झेलतात आणि घाईत तेच विसरले जातात.

पुस्तकाच्या अखेरीस कोरे तक्ते जोडले आहेत. जर्नलागणिक चार चौकटी, भोकासाठी दोन, शेलच्या जाडीसाठी दोन, आणि उजवीकडे वजाबाकीचा रकाना. पेन्सिलनं भरावेत, म्हणजे खोडून पुन्हा वापरता येतील. तेलाचे डाग पडले तरी चालतील. माझ्या सगळ्या वह्यांवर ते आहेत. दुकानात मुलाला पाठवताना त्याच्या खिशात भरलेला तक्ता द्यावा, आणि जाण्याआधी उजवीकडचा रकाना त्यानं मोठ्यानं वाचून दाखवावा.